जिम्नीला रुंद टायर घातले, आता स्पेसर लावू का?

चिपळूणच्या एका मारुती सुझुकी जिम्नीवाल्याने विचारलंय: "दादा, माझी जिम्नी अल्फा मॅन्युअल आहे. कंपनीच्याच अलॉयवर २३५/७५ आर१५ चे ऑल-टेरेन टायर टाकले. सरळ रस्त्याला मजा येते, पण फुल टर्न मारला की आतल्या बाजूने आर्मला घासतात, रिव्हर्सला जास्तच. ऑनलाइन ३० मिमीचे स्पेसर बघून ठेवलेत. टायरवाला म्हणतो बिनधास्त लावा. सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात बेअरिंग जाईल, एखाद्या दिवशी चाकच निघेल. कोणाचं ऐकू?"

दोघांचंही अर्धंच ऐका. स्पेसर म्हणजे हब (ॲक्सलच्या टोकाचा, चाक ज्यावर बसतं तो फिरणारा भाग) आणि रिम यांच्यामध्ये बसवून चाक बाहेर काढणारी धातूची जाड चकती. ही वस्तू मुळात वाईट नाही. पोर्शसारखी कंपनी स्वतःच्या ॲक्सेसरीजमध्ये ५ मिमीचे स्पेसर देत आलीय. जर्मनीत एचअँडआर, आयबाख या कंपन्या वर्षानुवर्षं ते बनवतात आणि तिथे टीयूव्ही या तपासणी संस्थेकडून तपासणी करून ते गाडीच्या कागदांवर चढवताही येतात. म्हणजे नीट बनवलेला, नीट बसवलेला स्पेसर चालतो, याबद्दल शंका नको. पण तुमच्या गाडीला ३० मिमी लागतच नाही, आणि मला विचाराल तर तुमची अडचण स्पेसरच्या आधी रिमपाशी सुरू होते. ती कशी, ते आधी सांगतो. त्यानंतरही स्पेसरच लावायचे ठरले तर काय बघून घ्यायचे आणि कसे बसवायचे तेही सांगतो.

कागद-पेन्सिल घ्या. जिम्नीचं मूळ रिम १५ इंची, साडेपाच इंच रुंद, ऑफसेट (रिमच्या मध्यापासून हबला टेकणारा फेस किती मिमी बाहेर आहे तो आकडा; आत असेल तर उणे) अधिक ५. टायरची आतली कड हबच्या फेसपासून किती आत येते याचा ढोबळ हिशेब सोपा आहे: टायरच्या रुंदीचा निम्मा आकडा, त्यात ऑफसेट मिळवायचा. कंपनीचा टायर १९५/८० आर१५. त्याचे निम्मे ९७.५, अधिक ५, म्हणजे १०२.५ मिमी. तुमचा २३५ चा: ११७.५ अधिक ५, म्हणजे १२२.५. टायर २० मिमी आत सरकला. शिवाय व्यास ६९३ वरून ७३३ मिमीच्या आसपास गेला, म्हणजे टायरचा खांदा पुढे-मागेही २० मिमी लांब पोचतो. जिम्नीचा पुढचा ॲक्सल सलग, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारा एकच अखंड, आणि त्याला धरणारे दोन लांब आर्म चाकाच्या अगदी बगलेतून मागे जातात. फुल टर्नला चाकाची मागची कड आत वळते आणि नेमकी त्या आर्मवर जाऊन टेकते. घासायचं कारण एवढंच.

आता ३० मिमीचा स्पेसर लावला तर? आतली बाजू १२२.५ वरून ९२.५ वर आली, म्हणजे कंपनीपेक्षाही १० मिमी मोकळी. ती मोकळीक कशाला हवीय? बाहेरच्या बाजूला मात्र टायर मूळ जागेपेक्षा ५० मिमी बाहेर जातो. चाकावरच्या काळ्या प्लॅस्टिकच्या कमानीतून, म्हणजे फ्लेअरमधून, तो बाहेर डोकावेल, पावसात चिखल थेट दारावर आणि आरशावर उडेल. त्याहून महत्त्वाचं म्हणजे चाक जितकं बाहेर, तितकं ते वळताना मोठ्या गोलात फिरतं. आर्मला घासायचं थांबेल आणि बंपरच्या मागच्या कोपऱ्याला नाहीतर मडफ्लॅपला घासायला लागेल. मग लोक बंपर कापतात. असे बंपर कापून आलेले बरेच जण मी बघितलेत, त्यातल्या निम्म्यांना कापायची गरजच नव्हती.

रिमचा मुद्दा इथे येतो. २३५/७५ आर१५ ला टायरवाल्यांच्या तक्त्यात किमान ६ इंची रिम लागतं. तुमचं साडेपाच इंची आहे. टायर बसला, हवा धरली, म्हणून तो योग्य झाला असं नाही. दोन्ही बीड (टायरच्या रिमवर बसणाऱ्या कडा) आत ओढले गेले की टायरचा माथा फुगीर होतो, मधला पट्टा आधी झिजतो आणि वळणावर बगल लुळी पडते. कुंभार्ली घाट तुमच्या दारातच आहे. तिथे उतारावर गाडी एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर झुकताना हा फरक तुम्हाला स्टेअरिंगमध्ये जाणवत असणार. स्पेसर लावून यातलं काही सुधरत नाही.

म्हणून माझा पहिला सल्ला: स्पेसरचे पैसे बाजूला ठेवा, त्यात भर घाला आणि ६ किंवा साडेसहा इंची रिम घ्या. ऑफसेट उणे ५ ते उणे १५ च्या दरम्यान, पीसीडी (नटांची संख्या आणि त्यांच्या वर्तुळाचा व्यास) ५×१३९.७, मधलं भोक १०८ मिमी. २० मिमीच्या स्पेसरने चाक जिथे जातं, उणे १५ ऑफसेटच्या रिमनेही ते तिथेच जातं. फरक एवढाच, की मध्ये आणखी एक जोड येत नाही आणि टायरला रिमही मापाचं मिळतं. रिम घेताना त्याच्या पाठीवर कोरलेला लोडचा आकडा बघा. जिम्नी पूर्ण भरली की दीड टनाच्या वर जाते. दिसायला भारी आणि भाराला कमजोर अशा रिमा बाजारात भरपूर आहेत.

दुसरा रस्ता बिनखर्चाचा म्हणावा असा. स्टेअरिंगच्या नकलवर (पुढच्या चाकामागचा, चाकाबरोबर वळणारा सांधा) फुल टर्नला अडवणारा स्टॉपर बोल्ट असतो. तो थोडा बाहेर घेतला, किंवा त्याखाली मापाचा वायसर दिला, की चाक दोन-तीन अंश कमी वळतं आणि आर्मपासून लांब राहतं. वळणाची त्रिज्या वाढते, अरुंद गल्लीत एक रिव्हर्स जास्त लागतो. पण तुमचा टायर जर अगदी शेवटच्या टोकालाच घासत असेल, तर एवढ्यावर भागतं. दोन्ही बाजूंना सारखंच करायचं, आणि नंतर डावीकडे-उजवीकडे दोन्ही टोकांना आर्म आणि टायर यांच्यातून बोट फिरवून बघायचं. गाडी सपाटीवर असताना मोकळी दिसणारी जागा एक चाक खड्ड्यात गेल्यावर कमी होते, त्यामुळे एक चाक दगडावर चढवूनही तपासा.

आता तुम्हाला घाबरवणाऱ्या दोन गोष्टी: बेअरिंग आणि चाक निखळणं. यात बेअरिंगची भीती जास्त घातली जाते आणि निखळण्याची नीट समजावली जात नाही.

बेअरिंगचं असं. भरलेल्या गाडीत एका चाकावर साधारण ४०० किलो धरा. चाक ३० मिमी बाहेर गेलं तर बेअरिंगवरचा वाकवणारा जोर सुमारे १२० न्यूटन-मीटरने वाढतो. ऐकायला मोठं वाटतं. पण वळणावर गाडी जरा जोरात गेली, की टायरच्या आडव्या रेट्यामुळे त्याच बेअरिंगवर सहा-सातशे न्यूटन-मीटर असेच येतात. म्हणजे भर पडते, पण आभाळ कोसळत नाही. बेअरिंगचं गणित मात्र क्रूर आहे: भार दहा टक्के वाढला की आयुष्य साधारण पाव भागाने कमी होतं. त्यामुळे ५ मिमीने काही कळणारही नाही, २० ने काही वर्षांत फरक पडेल, ३०-४० मिमी आणि वर जड टायर असतील तर बेअरिंग हा नेहमीच्या खर्चाचा भाग समजा. आणि ही गोष्ट कमी ऑफसेटच्या रिमलाही तशीच लागू आहे. स्पेसरमुळे बेअरिंग जातं आणि रिममुळे जात नाही, असं कोणी सांगत असेल तर ते खरं नाही. चाक किती बाहेर गेलं, एवढंच बेअरिंगला कळतं.

जिम्नीत बेअरिंगपेक्षा मला किंगपिनची, म्हणजे पुढचं चाक ज्या खिळीवर डावी-उजवीकडे वळतं तिची, जास्त काळजी वाटते. ६०-७० च्या वेगाला एखाद्या खड्ड्यानंतर हातातलं स्टेअरिंग थडथड हलायला लागतं, ते सलग ॲक्सलच्या गाड्यांचं जुनं दुखणं आहे. किंगपिनचं बेअरिंग सैल, पॅनहार्ड रॉडचं (ॲक्सलला आडवं सरकू न देणारा दांडा) बुश गेलेलं, चाकाचं बॅलन्सिंग बिघडलेलं, यातल्या कशानेही ते सुरू होतं. चाक बाहेर गेलं की किंगपिनच्या रेषेपासून टायरचा मध्य लांब जातो आणि प्रत्येक धक्का स्टेअरिंगला जास्त लांब दांड्याने मारला जातो. सुप्त असलेलं दुखणं मग वर येतं. म्हणून स्पेसर किंवा कमी ऑफसेटचं रिम लावण्याआधी पुढची दोन्ही चाकं जॅकवर घेऊन वर-खाली धरून हलवून बघा. जरा जरी प्ले (सैलपणा) लागला तरी आधी तो काढा.

आता चाक निखळण्याचं. हबमधून बाहेर आलेले, ज्यांवर चाकाचे नट आवळतात ते आट्यांचे दांडे म्हणजे स्टड. बहुतेकांची कल्पना अशी, की स्टड म्हणजे खुंटी आणि चाक त्या खुंटीला टांगलेलं. तसं नसतं. नट आवळला की स्टड ताणला जातो आणि त्या ताणाने रिमचा फेस हबच्या फेसवर दाबला जातो. चाक धरून ठेवतं ते या दोन फेसमधलं घर्षण. जिम्नीच्या १२ मिमीच्या स्टडला १०० न्यूटन-मीटर टॉर्क (आवळायचा पिळाचा जोर) दिला, की एकेक स्टड साधारण ४ टनांच्या जोराने दाबतो. पाच मिळून २० टन. हा दाब शाबूत आहे तोवर स्टडवर आडवा भार जवळजवळ येतच नाही. दाब गेला की प्रत्येक फेरीला रिम कणभर सरकतं, स्टड इकडून तिकडे वाकतो आणि काही दिवसांत थकून तुटतो. एक तुटला की उरलेल्यांवर भार वाढतो आणि पुढचे भराभर जातात.

स्पेसर लावला की असे दाबाचे जोड एकाऐवजी दोन झाले. हब आणि स्पेसरमधला एक, स्पेसर आणि रिममधला दुसरा. बाहेरचा डोळ्यांना दिसतो, पंक्चरवालाही येता-जाता आवळून देतो. आतला चाकाच्या मागे झाकलेला असतो आणि चाक काढल्याशिवाय त्याला पाना लागत नाही. स्पेसरच्या बहुतेक अपघातांचं मूळ या आतल्या, कोणी न बघितलेल्या जोडात असतं.

आमच्याकडे कोल्हापुरात एक पिकअप आली होती. करूळ घाटात मागचं चाक डुगडुगायला लागलं म्हणून ड्रायव्हरने वेळेत थांबवली. चाक काढलं तर आतल्या पाचपैकी तीन स्टड तुटलेले. तुटलेल्या तोंडावर शिंपल्यावर असतात तशा एकाआड एक बारीक कमानी होत्या, आणि शेवटचा एवढासा भाग खरबरीत. कमानी म्हणजे रोज थोडी थोडी वाढलेली चीर, खरबरीत भाग म्हणजे शेवटच्या दिवशीची तोड. स्पेसर कुठल्यातरी लेथवर करून घेतलेला. मायक्रोमीटर लावला तर समोरासमोरच्या दोन ठिकाणी जाडीत ०.४ मिमीचा फरक, आणि वर दोन्ही फेसला छान जाड काळा रंग. तो रंगच घातकी. रंग दाबाखाली हळूहळू चेपतो आणि झिजतो. जाडीत एक दशांश मिमीची घट झाली तरी ताणलेल्या स्टडचा बराचसा ताण उतरतो, कारण मुळात तो ताणलाच गेलेला असतो एवढ्याशा अंतराने.

हे मी लेथवाल्यांना नावं ठेवायला सांगत नाही. शिरोली, गोकुळ शिरगावच्या वर्कशॉपमध्ये यापेक्षा कितीतरी बारीक काम रोज होतं. चांगल्या सीएनसीवर (संगणकाने चालणाऱ्या यंत्रावर), ६०६१-टी६ किंवा ७०७५-टी६ या उष्णतेची प्रक्रिया करून कणखर केलेल्या ॲल्युमिनियमच्या दांड्यातून स्पेसर करून घेतला आणि दोन्ही फेस पाच शतांश मिमीच्या आत समांतर ठेवले तर तो उत्तम होईल. पण ओतीव ॲल्युमिनियमचा तुकडा घेऊन, हाताने खुणा करून भोकं पाडलेला स्पेसर गाडीला लावू नका, मग तो कोणी का केलेला असेना. तीच गोष्ट लांबट खाचा असलेल्या 'सगळ्या गाड्यांना चालतो' छापाच्या पातळ स्पेसरची. खाचांमुळे नेमका स्टडभोवतीचाच, सगळ्यात जास्त दाबाचा भाग रिकामा राहतो. एकावर एक दोन स्पेसर नकोत. आणि रिम आणि हबमध्ये स्टडवर वायसर घालून चाक बाहेर काढणारे लोक अजून आहेत. ते बघितलं की मी गाडी बाहेर सोडत नाही.

तर, सगळं ऐकूनही स्पेसरच लावायचे असतील तर २० ते २५ मिमीचे घ्या, ३० चे नकोत. त्याहून पातळ, ८-१० मिमीचा चालला असता, पण त्याला स्वतःचे स्टड बसत नाहीत. मग हबमधले मूळ स्टड ठोकून काढून लांब स्टड घालावे लागतात. ते कामही चांगलंच आहे, उलट जोड एकच राहतो, पण त्याला हब उघडायची तयारी हवी.

जाडी ठरवण्याआधी हबच्या फेसपासून स्टड किती बाहेर आलाय ते व्हर्नियरने मोजा. स्पेसर त्याहून पातळ असेल तर स्टडचं टोक स्पेसरच्या बाहेर येतं आणि रिमच्या पाठीला अडतं. अलॉयच्या पाठीत स्टडांच्या मधे खळगे असतात, टोक त्यात मावतं. तुमच्याकडे अलॉय आहे, तरी खळग्याची खोली मोजाच. पत्र्याच्या रिमला असे खळगे नसतात. तिथे टोक अडलं तर रिम फेसवर बसतच नाही, आणि नट मात्र आवळल्यासारखे वाटतात.

मधलं भोक १०८ चं हवं, आणि स्पेसरच्या बाहेरच्या तोंडाला तेवढ्याच मापाची कड हवी, म्हणजे रिम पुन्हा मधोमध बसतं. कड नसेल तर सगळं मध्य साधण्याचं काम नटांवर पडतं आणि ८० च्या पुढे गाडी थरथरायला लागते, बॅलन्सिंग कितीही केलं तरी.

आट्यांकडे नीट बघा. सुझुकीचे आटे १२×१.२५ चे, म्हणजे स्टड १२ मिमी जाड आणि दोन आट्यांत १.२५ मिमी अंतर. ऑनलाइन मिळणाऱ्या बऱ्याच स्पेसरमध्ये बाहेरचे स्टड १२×१.५ चे असतात, कारण टोयोटा, होंडा, ह्युंदाईला ते चालतात. कंपनीचा नट त्यावर दोन फेऱ्या हाताने जातो आणि मग जड होतो. कोणीतरी गन लावून तो रेटतो, टॉर्कचा आवाज येतो, पण दाब शून्य. हाताने फिरवत फेऱ्या मोजायची सवय लावा. १.२५ च्या आट्याला नट किमान दहा फेऱ्या गेला पाहिजे, १.५ च्या आट्याला आठ. त्याआधी अडला तर थांबा.

बसवताना घाई नको. गाडी सपाट जागी, जॅक स्टँडवर. नुसत्या जॅकवर नाही. काही गाड्यांत स्टडवर डिस्क किंवा ड्रम धरायला पातळ पत्र्याच्या क्लिपा असतात, त्या दिसल्या तर काढा. हबचा फेस वायर ब्रशने, मग पॉलिश पेपरने असा घासा, की बोट फिरवल्यावर कुठे टेंगूळ लागू नये. कोकणातल्या गाडीत मधल्या गोल कडेच्या मुळाशी गंजाची एक रिंग चढलेली असते. सगळं साफ करून लोक नेमकी ती विसरतात. त्या रिंगवर स्पेसर टेकतो आणि फेसपासून केसभर अधांतरी राहतो. म्हणून स्पेसरच्या भोकाची आतली धार मारलेली असावी.

कोरडा स्पेसर नटांशिवाय हबवर सरकवा आणि हाताने हलवून बघा. डुगडुगत असेल तर अजून साफ करा. एक खात्रीची युक्ती: फेसवर खडू किंवा मार्किंगचा निळा रंग हलका लावा, स्पेसर दाबून काढा. डाग सगळीकडे उठला तर फेस बसलाय. एकाच बाजूला उठला तर नाही.

आतले नट स्पेसरबरोबर येतात तेच वापरा. ते आखूड आणि बारीक असतात, त्यांना पातळ सॉकेट लागतं. आटे कोरडे ठेवा. आट्यांवर तेल किंवा ग्रीस लावलं तर त्याच टॉर्कला दाब कितीतरी जास्त पडतो आणि स्टड ताणून कायमचा लांबतो, मग तो पुन्हा धरत नाही. आट्यांवर लॉकिंग द्रव लावायचा की नाही ते स्पेसरवाल्याच्या कागदावर असतं, त्याप्रमाणे करा. गंज धरू नये म्हणून पातळ पेस्ट लावायचीच तर फक्त मधल्या गोल कडेवर, फेसवर आणि आट्यांवर नाही.

चाक नसताना नट आवळायला गेलात की हब फिरतो. दुसऱ्या माणसाला गाडीत बसवून ब्रेक दाबून धरायला लावा. नट चांदणीच्या क्रमाने, आधी ३०, मग ६०, मग १०० न्यूटन-मीटर. टॉर्क रेंचने. एअर गनने अजिबात नाही. गन एका नटाला ७० देते, दुसऱ्याला २००, आणि दोन्हीचा आवाज सारखाच येतो. मग चाक चढवा, बाहेरचे नट त्याच क्रमाने, शेवटचा टॉर्क चाक जमिनीला टेकल्यावर. रिमची नटाची बैठक कोनाची आहे की गोलाकार तेही बघा. सुझुकीची कोनाची असते. बाहेरचं अलॉय घेतलं तर बैठक बदलू शकते, आणि चुकीचा नट एका बारीक वर्तुळावरच टेकतो.

पन्नास-शंभर किलोमीटर झाले की चाक काढून आतले नट पुन्हा १०० ला तपासा. चाक काढूनच. बाहेरचे नट तपासून आलेला माणूस 'सगळं टाईट आहे' म्हणतो, आणि त्याने तपासलेला जोड वेगळाच असतो. पुन्हा पाचशेला, आणि नंतर टायर आलटून-पालटून लावाल तेव्हा दर वेळी. चाक काढल्यावर फेसवर काळपट-तांबूस पावडर दिसली, किंवा स्टडच्या भोवती आरशासारखा चकाकणारा डाग दिसला, तर जोड सरकतोय. नुसता आवळून पुढे जाऊ नका. स्टड बदला आणि फेस का बसला नव्हता ते शोधा.

तुमच्या भागात आणखी एक गोष्ट. ॲल्युमिनियम आणि लोखंड खाऱ्या ओलाव्यात एकत्र राहिले, की ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी धरते आणि दोन पावसाळ्यांत स्पेसर हबला असा चिकटतो की निघत नाही. म्हणून दर पावसाळ्यानंतर एकदा काढून, साफ करून परत बसवा. चिकटलाच तर गॅस लावून तापवू नका. टी६ ची ताकद उष्णतेने येते आणि जास्त उष्णतेने जाते. बाहेरून स्पेसर जसाच्या तसा दिसतो, आतून मऊ झालेला असतो. चांगल्या स्पेसरला काढण्यासाठी आट्यांची दोन जादा भोकं दिलेली असतात. त्यात बोल्ट पिळला की तो सरळ बाहेर येतो. घेतानाच ही भोकं आहेत का बघा.

कायद्याचंही स्पष्ट बोलतो. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ कंपनीच्या मूळ तपशिलाशी न जुळणारे बदल करू देत नाही. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही केरळच्या एका प्रकरणात हेच ठामपणे सांगितलं. कलम १८२अ प्रमाणे मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजारांचा दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. फ्लेअरबाहेर आलेला टायर नाक्यावर लांबून दिसतो. त्याहून मोठी गोष्ट विम्याची: अपघातानंतर सर्व्हेअरला स्पेसर दिसला तर दावा अडू शकतो, आणि वॉरंटीत हब-बेअरिंग मागायला गेलात तर सर्व्हिस सेंटर पहिलं बोट त्याकडेच दाखवणार. रिम फ्लेअरच्या आत राहील असं निवडा म्हणतो, त्यामागे हेही कारण आहे.

स्विफ्ट किंवा पोलोला फक्त दिसण्यासाठी स्पेसर लावणारे मला बरेच विचारतात, म्हणून दोन वाक्यं. पोलोला नट नसून बोल्ट असतात, १४×१.५ चे, गोलाकार बैठकीचे. स्पेसर जेवढा जाड तेवढाच बोल्ट लांब घ्यायचा. जास्त लांब घेतला तर तो हबच्या मागे ब्रेकच्या भागाला जाऊन लागतो. या गाड्यांचं सस्पेन्शन जिम्नीसारखं रांगडं नाही. पुढे ५ मिमीच्या पुढे गेलात की खड्ड्यांत आणि ब्रेकला स्टेअरिंग हाताला ओढायला लागतं.

शेवटी तुमच्या स्टेपनीचं. जिम्नीची फोर बाय फोर मधल्या डिफरन्शियलशिवायची, म्हणजे पुढच्या-मागच्या ॲक्सलला वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या भागाशिवायची आहे. फोर-एचमध्ये (चारही चाकांना ताकद देणाऱ्या गिअरमध्ये) पुढचा आणि मागचा ॲक्सल एकाच वेगाने फिरतात. चार चाकं ७३३ ची आणि स्टेपनी ६९३ ची असेल तर फोर-एचमध्ये ती लावून चालवू नका, ट्रान्सफर केसवर (दोन्ही ॲक्सलला ताकद वाटणाऱ्या गिअरच्या पेटीवर) ताण येईल. पाचवा टायरही २३५ चाच घ्या आणि मागच्या दाराच्या बिजागऱ्यांना वाढलेलं वजन पेलतंय का ते बघा. स्पीडोमीटर आता साधारण सहा टक्के कमी दाखवणार, म्हणजे काट्यावर १०० दिसताना तुम्ही १०६ च्या आसपास असाल.

आधी स्टॉपरचं करून बघा. मग हे मला कळवा: फुल टर्नला दोन्ही बाजूंना आर्म आणि टायरमध्ये किती मिमी उरतं, हबवरचा स्टड किती बाहेर आहे, आणि तुमच्या अलॉयच्या पाठीचे खळगे किती खोल आहेत. त्यावरून रिमचा नेमका ऑफसेट काढून देतो.